लाट बोर्डाखालून निघून का जाते?

सर्फिंग शिकायला लागलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते. "एवढे हात मारतो, लाट येते, मला उचलते आणि खालून निघून जाते. मी आपला होतो तिथेच." दुसरी तक्रार बरोबर उलटी: "लाट मिळाली म्हणेपर्यंत बोर्डाचं नाक पाण्यात घुसलं आणि मी कोलांटी खाल्ली." माझ्या दोन्ही होत्या. पहिले चार रविवार मी दोन्हींचं एकच कारण धरून बसले होते, की आपले दंड कमी पडतात. म्हणून घरी जोर काढायला सुरुवात केली. खांदे दुखायचे थांबले, लाट काही मिळाली नाही.

मी राहते सावंतवाडीत. पहाटे साडेपाचला निघालं की बांदा, पेडणे करत दीडेक तासात आश्व्याच्या किनाऱ्यावर पोचता येतं. उत्तर गोव्यातला हा किनारा वाळूचा, मंद उताराचा, आणि पावसाळा सोडला तर लाटा बहुतेक गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या. दोन हंगाम तिथलं पाणी पिऊन जे कळलं ते इथे लिहिते आहे. पोहता येतं, बोर्डावर पोटावर झोपून हात मारता येतात, फुटलेल्या लाटेच्या फेसावर दोनचारदा उभं राहून झालंय, पण न फुटलेली लाट काही हाती लागत नाही, अशा माणसासाठी हे आहे.

आधी लाटेचं गणित

लाटा फुटतात त्याच्या पलीकडे एखादी नारळाची सोडण तरंगत असेल तर पाच मिनिटं तिच्याकडे बघत बसा. लाट आली की सोडण किंचित पुढे सरकत वर जाते, मग मागे सरकत खाली येते, आणि दहा लाटा गेल्या तरी जवळपास तिथेच असते. भाताच्या मळ्यावरून वारा गेला की लोंब्यांची लाट या बांधापासून त्या बांधापर्यंत पळते, रोपं मात्र जागची हलत नाहीत. समुद्रातही पुढे पळतो तो आकार, आणि त्याच्यासोबत ऊर्जा. पाणी जागच्या जागी गोल फिरतं. बोर्डावर झोपलेला नवशिक्या म्हणजे दोन हात फुटलेली सोडणच.

आता वेग. खोल समुद्रात एकामागून एक येणाऱ्या दोन लाटांमध्ये जेवढे सेकंद जातात त्यांना साडेपाचने गुणलं की लाटेचा ताशी वेग साधारण किलोमीटरमध्ये मिळतो. 12 सेकंदांची लाट असेल तर ताशी 66 किलोमीटर, म्हणजे महामार्गावरच्या एस.टी.एवढा. किनारा जवळ येऊन खोली कमी झाली की लाट तळाला अडखळू लागते आणि तिचा वेग नुसत्या खोलीवर ठरतो. छातीएवढ्या पाण्यात, सव्वा-दीड मीटरवर, तो ताशी 13-14 किलोमीटरवर येतो. पुढचा भाग मंदावलेला, मागचा अजून जोरात, त्यामुळे लाट आखडते आणि उंच होते. तिची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीच्या आसपास गेली की तोल सुटतो आणि ती फुटते. एक मीटरची लाट साधारण सव्वा मीटर पाण्यात फुटणार. हा हिशेब लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आणि तुम्ही? नवशिक्या जीव खाऊन हात मारतो तेव्हा ताशी 4-5 किलोमीटरने जातो. भाजी आणायला भराभर चालत निघालेल्या माणसाचा वेग. चांगला सरावलेला सर्फरसुद्धा फार तर 6-7 पर्यंत जातो. लाट 13 ने येते आहे, तुम्ही 5 ने जाताय, मधले 8 कुठून आणायचे? दंडांतून ते येत नाहीत. कोणाच्याच येत नाहीत. हे आधी कळलं असतं तर माझे जोर वाचले असते.

ते 8 किलोमीटर देतो उतार. फुटायच्या बेतात आलेल्या लाटेचा पुढचा भाग चार फुटांना एक फूट एवढा कलला असेल, तर त्या उतारावरून घसरताना साधारण एका सेकंदात तेवढा वेग मिळतो. पाण्याचा अडथळा धरला तर थोडा जास्त वेळ लागेल, पण मिळतो. तीच लाट अजून सपाट असेल, समजा पंधरा फुटांना एक फूट, तर त्याच वेगाला कागदावरच साडेतीन सेकंद लागतात, आणि प्रत्यक्षात पाण्याचा अडथळा सगळी कमाई खाऊन टाकतो. तेवढ्यात लाट खालून निघून गेलेली असते.

पहिल्या तक्रारीचं उत्तर यात आहे. लाट खालून जाते कारण बहुतेक वेळा तुम्ही तिला फार आधी, ती अजून निजलेली असताना गाठता. हात मारायचे ते वेगातला फरक थोडा कमी करायला आणि बोर्ड सरळ ठेवायला. खरा प्रश्न उतार तयार होतो त्या जागी, त्या क्षणी तुम्ही हजर असता का, हा आहे.

शिकवणारे सुरुवातीला 8-9 फुटी फोमचा बोर्ड का देतात तेही यातच आलं. लांब-रुंद बोर्ड पाण्यात कमी बुडतो, म्हणून त्याला अडथळा कमी होतो आणि तो मंद उतारावरही घसरायला लागतो. छोटा बोर्ड दिसायला ऐटदार, पण त्याला उभा उतार लागतो, म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी पकडण्याचं कसब लागतं. दहा दिवसांत छोट्या बोर्डावर जायची घाई करणारे पुष्कळ बघितले. ते सहसा पाण्यात बोर्डावर बसून गप्पा मारताना दिसतात.

बोर्डावर झोपायचं कुठे

या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तुम्हीही घालवा असं सांगेन.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी एका मैत्रिणीने किनाऱ्यावरून माझा फोनवर व्हिडिओ काढला. माझ्या मनात माझं जे चित्र होतं त्यात मी मासोळीसारखी सरळ, डौलात वगैरे होते. व्हिडिओत दिसलं ते असं: बोर्डाचं नाक पाण्याबाहेर वीतभर वर, शेपूट पाण्याखाली, माझे पाय दोन बाजूंना फाकलेले आणि पाण्यात ओढले जाणारे, मान खाली. बोर्ड पाण्यावरून जाण्याऐवजी पाणी ढकलत चालला होता. एवढा ब्रेक लावून गाडी चढावर जात नाही तर मी लाटेवर काय जाणार होते.

तपासायची रीत सोपी. शांत पाण्यात पोटावर झोपा, पाय जुळवा, छाती किंचित उचला आणि बोर्डाच्या नाकाकडे बघा. ते पाण्याच्या वर तीन-चार बोटं असावं. जास्त वर असेल तर एक इंच पुढे सरका, परत बघा. पाणी नाकावर चढत असेल तर इंचभर मागे. इंच हा शब्द मोजून वापरते आहे, नवशिके एकदम वीतभर सरकतात. जागा सापडली की हनुवटीच्या खाली बोर्डावर चिकटपट्टीचा तुकडा लावा. पाण्यात धांदलीत दरवेळी ती जागा आपोआप सापडेल या भरवशावर राहू नका. बोर्डाच्या मधोमध लांबीभर रेघ असते, तिच्यावर नाक, बेंबी आणि जुळलेल्या टाचा हव्यात. जरा बाजूला झोपलात तर प्रत्येक हाताला बोर्ड डुलतो आणि अर्धी ताकद तोल सांभाळण्यात जाते.

आता मी मागे सरकून का झोपत होते? भीतीने. पहिल्या दिवशी नाक पाण्यात घुसून कोलांटी खाल्ली होती, तेव्हापासून शरीर आपोआप मागे सरकायचं. मागे झोपलं की बोर्ड संथ. संथ बोर्डाला सपाट लाट मिळत नाही, ती खालून जाते. मिळते ती फक्त अगदी उभी झालेली, कोसळायच्या बेतातली. आणि त्या उभ्या लाटेवर संथ बोर्ड गेला की लाट शेपूट उचलते, नाक खाली जातं, पुन्हा कोलांटी. मग पुढच्या वेळी मी आणखी मागे. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच निघालं, आणि मी करत होते त्या उपायाने ते पक्कं होत होतं. नाक घुसणाऱ्या नवशिक्याला सगळे ओरडून सांगतात, "मागे सरक!" कधी ते बरोबर असतं. पण बऱ्याचदा तो उशिरा निघालेला असतो, आणि उशिरा निघण्याचं कारण तो आधीच मागे झोपलाय हे असतं.

चिकटपट्टी लावली त्या दिवशी मला तीन लाटा मिळाल्या. उभी राहिले एकीवर, तेही दोन सेकंद, पण तीन लाटांनी मला पुढे नेलं.

हातांविषयी थोडक्यात. एकाआड एक हात, लांबवर पुढे टाकायचा, बोटं सैल, आणि पाणी बोर्डाच्या कडेने खोलवरून मागे ओढायचं. वरवर थपाथप केल्याने आवाज होतो, वेग येत नाही. लाट लांब असताना संथ सात-आठ हात, ती शेपटाला लागते आहे असं वाटलं की तीन-चार जोरकस. सुरुवातीलाच सगळा जोर लावला की ऐन वेळी हात लटके पडतात. आणि छाती दाबायला विसरू नका: शेपूट वर उचलली गेल्याचं जाणवलं की हनुवटी क्षणभर बोर्डाकडे न्यायची म्हणजे वजन पुढे जातं आणि बोर्ड उतारावर वाकतो. मनाला हे अजिबात पटत नाही. सगळं शरीर मागे ओढत असतं.

कुठे थांबायचं

आमच्याकडे शिकवणारा मुलगा माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, आश्व्याच्याच बाजूचा. एका सकाळी त्याने मला पाण्यात जाऊच दिलं नाही. बोर्ड वाळूत ठेवून वीस मिनिटं बसवलं आणि विचारलं, "ताय, कितें दिसता?" मी म्हटलं, लाटा. तो हसला.

वीस मिनिटांत दिसायला हवं होतं ते असं. लाटा एकसारख्या येत नाहीत. बराच वेळ बारीकसारीक येतात, मग तीन, चार, कधी पाच मोठ्या एकापाठोपाठ एक. याला सेट म्हणतात. दोन सेटांमधली शांतता घड्याळ लावून मोजली तर त्या दिवसाचा अंदाज येतो. दुसरं, मोठ्या लाटा कुठे फुटतात आणि बारीक कुठे. मोठी लाट खोल पाण्यात, म्हणजे लांब, फुटते, बारीक किनाऱ्याजवळ. वर खोलीचा हिशेब केला तो इथे उपयोगी पडतो. बारीक लाटांच्या रेषेत बसलात तर सेट डोक्यावर येऊन पडतो. मोठ्यांच्या रेषेच्या बरंच पलीकडे बसलात तर सगळ्या लाटा खालून जातात आणि उन्हात गार पाण्यात बसल्याचं पुण्य तेवढं मिळतं. जागा हवी ती पहिला फेस दिसतो तिथून थोडी समुद्राच्या बाजूला, पाच-सात हात मारून लाटेच्या उताराला गाठता येईल एवढी.

ही जागा वाळूवरून पक्की दिसते आणि पाण्यात गेलं की हरवते. समुद्रात उभ्याआडव्या खुणा नसतात, आणि प्रवाह तुम्हाला गुपचूप सरकवत असतो. उपाय आपल्या मासेमारी करणाऱ्यांनी कधीच काढून ठेवला आहे: किनाऱ्यावरच्या दोन खुणा, एक जवळची, एक लांबची, एका रेषेत धरायच्या. माझ्या खुणा म्हणजे एका खोपटाचं निळं प्लास्टिकचं छप्पर आणि मागचा वाकडा माड. माड छपराच्या डावीकडे सरकला की मी सरकले. दर दोन-तीन मिनिटांनी बघायचं. भलतीकडे वाहत जाऊन "आज लाटा बोगस होत्या" म्हणत परतलेल्या कितीतरी सकाळी माझ्या नावावर आहेत.

मग कोणती लाट घ्यायची. लांबून येताना एखाद्या लाटेचा एक भाग इतरांहून उंच दिसतो, तंबूच्या टोकासारखा. तिथे ती आधी फुटणार आणि मग फुटणं दोन्ही बाजूंना, किंवा एका बाजूला, सरकत जाणार. या टोकाजवळ, त्याच्या किंचित बाजूला तुम्ही हवे. जी लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ भिंतीसारखी येते ती एकदम सगळी कोसळते. ती कितीही देखणी दिसली तरी सोडा. सेटमधली पहिली लाटही मी सोडते. ती हुकली तर मागच्या सगळ्या डोक्यावर फुटतात, शिवाय ती कुठे फुटली ते बघून जागा दुरुस्त करता येते.

माझ्या शिकवणाऱ्याचं निम्मं शिकवणं म्हणजे चार शब्द: "राव ताय, ही न्हय." थांब ताई, ही नाही. मी प्रत्येक लाटेवर तुटून पडत असे. अर्ध्या तासात हात गळायचे, आणि नेमकी चांगली लाट यायची तेव्हा उचलायचे नाहीत. एका सकाळी त्याने ओळीने अकरा लाटा सोडायला लावल्या. बाराव्या वेळी तो काही न बोलता नुसता बाजूला झाला. मी वळले, चार हात मारले. पाचवा मारायला गेले तर हाताला पाणी मागे पळताना लागलं. बोर्डाखालून सळसळ असा आवाज येतो त्या वेळी, कापड फाडल्यासारखा. कुणी ढकललं नव्हतं. सवयीने मी मागे वळून बघितलं, आणि अर्थात पडले.

दर्याकडे पाठ

आमची आजी वेंगुर्ल्याची. समुद्रावर नेलं की तिचं एकच पालुपद, "दर्याक पाठ करू नको गो." या एका वाक्याची मला सर्फिंगमध्ये जेवढी आठवण झाली तेवढी कधीच झाली नसेल. लाट पकडायची तर तिच्याकडे पाठच करावी लागते. पण नवशिके पाठ करतात ती करतातच: एकदा किनाऱ्याकडे वळले की डोळे मिटून हात मारत सुटतात आणि लाट कधी येईल ती येईल म्हणतात. आजीचं थोडं ऐकायला हवं.

मी तीनदा बघते. पहिल्यांदा वळताना: लाट कुठे उंच आहे, मी टोकाच्या कोणत्या बाजूला. दुसऱ्यांदा तीन-चार हात झाल्यावर, खांद्यावरून: उभी होते आहे की सपाट? सपाट असेल तर जोर वाढवायचा, फार उभी झाली असेल तर सरळ थांबायचं, बोर्डावर उठून बसायचं आणि तिला जाऊ द्यायचं. तिसऱ्यांदा अगदी ओझरतं, ती शेपटाला लागायच्या आधी. त्यानंतर नजर समोर, किनाऱ्यावरच्या माडांच्या शेंड्यांवर. पायांकडे, नाकाकडे किंवा लाटेकडे बघितलं की डोकं जातं त्या दिशेला वजन जातं.

यापुढची चूक सगळे करतात. लाट शेपूट उचलते, पोटात गोळा येतो, "मिळाली!" वाटतं आणि हात थांबतात. तो गोळा म्हणजे लाट मिळाल्याची खूण नव्हे. लाटेने तुम्हाला उचललंय एवढंच, सोडणीलाही उचलते. बोर्ड अजून लाटेच्या वेगाला पोचलेला नसतो. तिथे आणखी दोन हात हवेत, उलट सगळ्यात जोरकस. हाताला पाणी मागे पळताना लागलं, बोर्ड आपल्याआप पुढे निघाला, मग उठायचं. "मिळाली असं वाटल्यावर दोन जास्त" हे मी बोर्डाच्या नाकावर मार्करने लिहून ठेवलं होतं. खाऱ्या पाण्याने ते आठवड्यात गेलं, पण तोवर सवय लागली होती.

उठण्याबद्दल, ज्याला सगळे पॉप-अप म्हणतात, मी फार लिहिणार नाही. तळवे बरगड्यांच्या खालच्या टोकाशी बोर्डावर सपाट टेकायचे, कडा मुठीत धरायच्या नाहीत, गुडघे टेकायचे नाहीत, नजर वर. घरी सतरंजीवर रोज दहा वेळा केलं तर महिन्यात शरीराला कळतं. ज्यांना वाटतं की आपलं उठणंच वाईट आहे, त्यांचं बहुतेकदा उठण्याआधीचं बिघडलेलं असतं. संथ, डुलणाऱ्या बोर्डावर कसलेला माणूसही नीट उठत नाही.

फेसाची गोष्ट मात्र सांगायला हवी. पहिले काही दिवस फुटून गेलेल्या लाटेच्या फेसावर शिकवतात, आणि तिथे पटकन यश मिळतं. फेसात पाणी खरोखरच किनाऱ्याकडे धावत असतं, ते कुणालाही ढकलतं, वेळ चुकली तरी ढकलतं. उठायचा सराव करायला ते उत्तम. पण लाट पकडण्याचं त्यात काहीच शिकून होत नाही, उलट लाट आपल्याला घेऊन जाईल अशी सवय लागते. म्हणून फेसावर पाचापैकी तीनदा उभं राहता यायला लागलं की अर्धा वेळ पुढे, न फुटलेल्या कमरेएवढ्या लाटांवर घालवा. पुन्हा शून्यावर आल्यासारखं वाटेल.

वारा, भरती आणि पंचांग

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते असे कामाला येतील असं वाटलं नव्हतं. रात्री जमीन थंड होते, पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. हा समोरून येणारा हलका वारा लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो आणि तिला जरा उशिरा फुटू देतो. दहा-अकरानंतर खारे वारे सुरू झाले की लाटांवर बारीक खळबळ उठते, टोक कुठे आहे ते दिसत नाही, बोर्ड धडधडतो. म्हणून पहाटे साडेपाचची ती कटकट. नवशिक्याने दुपारी चारला जाऊन निराश होण्यापेक्षा सकाळी सातला अर्धाच तास जावं.

उन्हाळ्याकडे येणाऱ्या लांब अंतराच्या लाटा कुठून येतात हे कळल्यावर मी थोडा वेळ गप्प झाले होते. अंटार्क्टिकाच्या अलीकडे, दक्षिण गोलार्धातल्या महासागरात वादळं होतात, त्यांच्या लाटा सहा-एक हजार किलोमीटर पार करून आपल्या किनाऱ्याला लागतात. 15 सेकंदांच्या लाटांचा असा समूह दिवसाला साधारण 1,000 किलोमीटर सरकतो. म्हणजे रविवारी मी जी लाट हुकवली ती आदल्या सोमवारी-मंगळवारी तिकडून निघालेली असू शकते. हिवाळ्यात कधीकधी वायव्येकडून येतात त्या अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांच्या. दिशा बदलली की त्याच किनाऱ्यावर टोक वेगळ्या जागी तयार होतं, त्यामुळे मागच्या आठवड्याची जागा या आठवड्याला चालेलच असं नाही.

भरती-ओहोटीसाठी फोनवर तक्ते मिळतात, पण कोकणात जुना हिशेब आहे: तिथीच्या पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. षष्ठी असेल तर सहा गुणिले तीन भागिले चार, साडेचार. पहाटेही आणि दुपारीही. हा मुंबईच्या आसपासचा ठोकताळा, गोव्यात भरती त्याच्या थोडी आधी येते. मुंबईला उधाणात पाणी जवळजवळ पाच मीटर वरखाली होतं, गोव्यात दोनेक मीटर, तरी शिकणाऱ्याला फरक पडतो. पूर्ण भरतीला आश्व्याला लाट किनाऱ्याला चिकटून फुटते, उठायला जागाच उरत नाही. पूर्ण ओहोटीला ती वाळूच्या दांड्यावर एकदम कोसळते. मधले दोन-तीन तास मला सोयीचे पडतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, पाणी कमी चढतं-उतरतं, तेव्हा लाट फुटण्याची जागा बराच वेळ तीच राहते. नवशिक्यासाठी ते दिवस चांगले.

पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. त्या पाण्याशी तुमचं-माझं काही काम नाही.

बाकीच्यांचं आणि स्वतःचं डोकं

लाटेच्या टोकाला जो सर्वांत जवळ, लाट त्याची. तो उठला असेल तर त्याच्या पुढ्यात हात मारत घुसायचं नाही. बाहेर जाताना लाट घेणाऱ्यांच्या वाटेतून न जाता वळसा घालून जायचं. पडताना पाठीवर किंवा कुशीवर सपाट पडायचं, डोकं खाली घालून सूर मारायचा नाही, सव्वा मीटर पाण्याखाली वाळू आहे हे आपण वरच मोजलंय. वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरायचे, कारण पायाला लीशने, म्हणजे दोरीने, बांधलेला बोर्ड परत तुमच्याकडेच येतो. मला हे एका सूजलेल्या भुवईने शिकवलं.

दोन फेसांच्या मध्ये शांत, गडद, वाट काढून दिल्यासारखा पट्टा दिसला तर तिथून पाणी समुद्राकडे ओढलं जात असतं. सरावलेले सर्फर त्याच ओढीने फुकट बाहेर जातात. तुम्ही त्यात सापडलात तर बोर्ड सोडू नका, ओढीला भिडू नका, किनाऱ्याला समांतर हात मारत फेसाकडे या आणि फेसावर पोटावर झोपून बाहेर या. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचंच नाही, जीवरक्षकाशी हुज्जत घालायची नाही.

मी एक वही ठेवली आहे, किराणा दुकानात मिळते तसली लाल कापडाच्या पाठीची. पाण्यातून बाहेर आले की चहा येईपर्यंत हुकलेल्या दहा लाटा आठवते आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द लिहिते. पहिल्या हंगामाच्या पानांवर सगळीकडे "मागे" आहे. मग महिनाभर "सपाट", म्हणजे फार आधी गाठली. फेब्रुवारीत "उशीर" सुरू झाला, तेव्हा शिकवणारा म्हणाला की आता बरं चाललंय. या रविवारच्या पानावर आठ वेळा "थांबले" आहे, एकदा "दुसऱ्याची", आणि एकदा "हसले". ती शेवटची खरं तर मिळाली होती.